हजार मीटर, छप्पन सेकंद

मंडळी, फेब्रुवारीत मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर घोड्यांची डर्बी असली की गर्दी बघावी! 2400 मीटरची रेस, पोरंबाळं घेऊन लोक येतात. त्याच मैदानावर हजार-बाराशे मीटरची रेस लागली, की हीच मंडळी वडापाव आणायला उठतात. हसताय म्हणजे तुमच्यातलेही काही उठत असणार. मला मात्र हे फार लागतं. ‘गेट उघडलं, पळाले, संपलं, त्यात बघायचं काय?’ असं मुरलेले जाणकारही म्हणतात. अहो, लांब पल्ल्यात सुरुवात हुकली तर सावरायला वेळ असतो. स्प्रिंटमध्ये, म्हणजे अशा कमी पल्ल्याच्या रेसमध्ये, तो नसतो, म्हणून घोड्याचा खरा कस तिथं लागतो.

त्यासाठी आज यॉर्कची ननथॉर्प स्टेक्स ही रेस घेतली आहे. इंग्लंडमध्ये दर ऑगस्टला नेव्हस्मायर मैदानावर ती होते. पाच फर्लांग, म्हणजे साधारण हजार मीटर, नाकासमोर सरळ. डिक टर्पिन या दरोडेखोराला 1739 मध्ये इथंच फाशी दिली, आणि गुन्हा कोणता? घोडेचोरी!

तर 1990 साल. डेजर नावाचा घोडा, वर जॉकी विली कार्सन. ट्रेनर डिक हर्न, शिकारीतल्या अपघातानंतर चाकांच्या खुर्चीतून तबेला सांभाळणारा माणूस. डेजरनं ननथॉर्प 56.16 सेकंदांत मारली. तो विक्रम मोडायला 2019 उजाडलं, बताश या घोड्यानं 55.90 सेकंद घेतले. पण डेजरची आठवण निघते ती त्याच वर्षी ऑक्टोबरात तो हरला म्हणून. न्यूयॉर्कजवळ बेल्मॉन्टला ब्रीडर्स कप स्प्रिंट ही मोठी अमेरिकन रेस होती, सहा फर्लांग. आयुष्यभर हिरवळीवर पळालेला घोडा पहिल्यांदाच मातीवर उतरला, आणि तरीही सेफली केप्ट या तिथल्या घोडीला गाठून पुढं सरकला. रेस हातात आली होती. तेवढ्यात ट्रॅकवर आडवी पडलेली सावली आली, आणि डेजरनं ती कुंपण समजून चक्क उडी मारली! पाय टेकले, पुन्हा वेग धरला, तर रेषेजवळ आणखी एक सावली, पुन्हा उडी. मानेच्या अंतरानं घोडी जिंकली. जॉकीचं काही चुकलं नव्हतं, घोडा दमला नव्हता. दीड मैलाच्या रेसमध्ये निम्म्या वाटेवर अशी उडी पडली असती, तर भरून निघाली असती. इथं भरून काढायला जमीनच उरली नव्हती. ती चित्रफीत आजही लावली की माझी मूठ आवळते.

चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं उरलीत. घोड्याच्या शरीराबद्दल सांगायचं कबूल केलं होतं, ते भरभर सांगतो. अशा रेसमध्ये वेग ताशी 64 किलोमीटरच्या आसपास सरासरी, तीही उभ्यानं निघून. चौखूर उधळलेला घोडा एका झेपेला एकच श्वास घेतो. लय बिघडली की दमही बिघडतो. पोटातल्या प्लीहा या अवयवात साठवलेल्या तांबड्या पेशी पळताना रक्तात येतात, एरवी चाळीस टक्क्यांच्या आसपास असणारं त्यांचं प्रमाण साठच्या पुढं जातं. स्नायू झटकन आकसणारे लागतात. मायोस्टॅटिन या जनुकाच्या प्रकारावरून घोडा कमी पल्ल्याचा की लांबच्या, याचा अंदाज येतो. 2010 मध्ये डब्लिनच्या संशोधकांनी ते दाखवलं. आणि वेग लवकर पिकतो, म्हणून ननथॉर्पमध्ये दोन वर्षांची पोरंही पाठीवरच्या वजनाची मोठी सूट घेऊन थोरांशी भिडतात. 1992 मध्ये लिरिक फँटसी ही दोन वर्षांची चिमुकली घोडी जिंकली, तेव्हा मायकेल रॉबर्ट्स या जॉकीनं उपास करून वजन 48 किलोवर आणलं होतं.

पुण्याच्या पावसाळी मोसमात हजार मीटरची रेस लागली, तर कृपा करून जागा सोडू नका. दुर्बीण विनिंग पोस्टवर नको, गेटवर धरा. कोण आधी सुटतो, कोणाची पहिली झेप अडखळते, तेवढं बघा. प्रश्न आता चहाबरोबर घेऊ.