आकाशातून आलेल्या दगडाचं गाव

नमस्कार श्रोतेहो.

जर्मनीच्या दक्षिणेला, बव्हेरिया राज्यात, नॉर्डलिंगन नावाचं एक जुनं गाव आहे. वस्ती असेल वीसेक हजार. भोवती मध्ययुगातला तट आहे आणि मधोमध सेंट जॉर्जचं चर्च. चर्चचा मनोरा जवळजवळ ९० मीटर उंच आहे. गावकरी त्याला डानिएल म्हणतात. माझं ऐकाल तर पहिल्याच सकाळी डानिएलच्या साडेतीनशे पायऱ्या चढा. गाव पायी फिरण्याआधी ते वरून पाहिलेलं बरं.

वरून लाल कौलांचं एक वर्तुळ दिसतं. त्याच्या आत रस्त्यांचं आणखी एक लहान वर्तुळ दिसतं, ते तेराव्या शतकातल्या पहिल्या कोटाच्या जागी आहे. मग नजर शेतांवरून पुढे जाते आणि दूरवर चहूबाजूंनी ठेंगण्या टेकड्यांचं कडं लागतं. ते कडं म्हणजे एका विवराचा काठ आहे. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी एक किलोमीटरभर रुंदीचा अशनी इथे आदळला आणि २४ किलोमीटर व्यासाचा हा खड्डा पडला. त्याला रीस म्हणतात. नॉर्डलिंगन त्याच्या पोटात वसलंय.

हे ऐकताना आपल्यापैकी कित्येकांना लोणार आठवलं असेल, आणि ते आठवायलाच हवं. बुलढाणा जिल्ह्यातलं आपलं विवर पावणेदोन-दोन किलोमीटरचं, म्हणजे रीसपुढे लहान. वयानेही ते पुष्कळ तरुण आहे. पण नातं खरं आहे. आघातानंतर रीसच्या खड्ड्यातही तळं साचलं होतं, आणि एका काळात त्याचं पाणी लोणारसारखंच खारट, क्षारयुक्त होतं. तिथलं तळं गाळाने भरून गेलं आणि त्यावर आज गहू पिकतो. आपलं तळं अजून आहे. आपण किती मोलाची गोष्ट सांभाळतो आहोत, हे मला त्या मनोऱ्यावर उभं राहिल्यावर जास्त जाणवलं.

रीसला फार वर्षं ज्वालामुखीचं तोंड समजत. १९६० साली युजीन शूमेकर आणि एडवर्ड चाओ या अमेरिकी शास्त्रज्ञांना तिथल्या दगडात कोएसाइट नावाचं खनिज सापडलं. ते घडायला लागणारा प्रचंड दाब कुठलाही ज्वालामुखी भूपृष्ठावर निर्माण करू शकत नाही. वाद मिटला. लोणारलाही आधी ज्वालामुखीच म्हणत असत, आणि तिथेही १९७०च्या दशकात बेसॉल्टमधल्या आघाताच्या खुणांनीच निकाल लावला.

आता खाली उतरून चर्चच्या भिंतीला हात लावा. करडा, खडबडीत दगड, त्यात काचेचे काळपट तुकडे. हा सुएव्हाइट. आघाताच्या क्षणी वितळलेले आणि चिरडलेले खडक एकत्र थिजून तो बनला. पंधराव्या शतकातल्या पाथरवटांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. जवळच्या खाणीत मिळतो, घडवायला सोपा, म्हणून त्यांनी तो चर्चला वापरला. त्यात हिरेही आहेत, पण डोळ्यांना न दिसणारे. जमिनीतलं ग्रॅफाइट त्या एका धडकेत हिरा झालं.

तटबंदी सुमारे पावणेतीन किलोमीटर लांब आहे आणि गडांवर फिरलेल्या माणसाला ती लगेच आपली वाटेल. फांजीवर, म्हणजे तटावरच्या चालायच्या वाटेवर, मात्र इथे छप्पर आहे, त्यामुळे भर पावसातही पूर्ण फेरी मारता येते. पाच दरवाजे, मध्ये बुरूज, आणि आतल्या बाजूने तटाला पाठ लावून बसलेली चिमुकली घरं. माणसं त्यांत राहतात, कुंड्यांना पाणी घालतात. हे मला संग्रहालयापेक्षा अधिक आवडलं.

वाईनमार्क्टच्या चौकात मारिया होल या स्त्रीच्या नावाचं कारंजं आहे. तिथे थांबाच. ती इथली खानावळवाली. १५९३ साली चेटकीण ठरवून तिला पकडलं. बासष्ट वेळा छळ सोसूनही तिने खोटा कबुलीजबाब दिला नाही, आणि पुढच्या वर्षी तिला सोडावं लागलं. त्या काही वर्षांत या छोट्या गावाने तीसहून अधिक बायकांचा जीव घेतला होता. सुंदर गावाचा हा इतिहास गावानेच चौकात मांडून ठेवलाय, याचा मला आदर वाटतो.

रीसक्रेटर संग्रहालय १५०३ सालच्या एका जुन्या कोठारात आहे. तिथे अपोलो १६ने आणलेला चंद्रावरचा खडक बघायला मिळतो. तो इथे असण्याला कारण आहे. ऑगस्ट १९७० मध्ये अपोलो १४चे अंतराळवीर ॲलन शेपर्ड आणि एडगर मिचेल याच परिसरात खडक ओळखायला शिकले, आणि पुढच्याच वर्षी चंद्रावर उतरले. २०२२ पासून युनेस्कोने रीसला जागतिक भूउद्यान म्हणून मान दिलाय.

जायचं कसं? म्युनिक किंवा आउग्सबुर्गहून आगगाडीने डोनाउवर्थमार्गे जाता येतं. बरेच प्रवासी दुपारी येतात नि संध्याकाळी निघून जातात. तुम्ही मुक्काम करा. रात्री दहापासून बारापर्यंत दर अर्ध्या तासाने डानिएलवरून पहारेकरी हाळी देतो. १४४०ची एक दंतकथा त्याच्याशी जोडलेली आहे. फितूर द्वारपालांनी शत्रूसाठी दरवाजा उघडा ठेवला, एक डुकरीण त्याला अंग घासू लागली, फळी हलली, ते एका बाईच्या लक्षात आलं आणि गाव वाचलं. शेवटची गाडी पकडायच्या घाईत असलात तर ही हाळी चुकेल, म्हणून खोली आधीच ठरवून ठेवा, आणि शक्यतो तटाच्या आतच.