साइटच्या नकाशाला खोडरबर नको

(ठाण्यात स्थापत्य अभियंते आणि संगणक क्षेत्रातल्या मंडळींपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. मेट्रोच्या कामातून वाट काढत तुम्ही वेळेवर पोचलात, त्याबद्दल आधी आभार. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘बांधकामाच्या नकाशावर एकाच वेळी अनेकांनी काम कसं करावं’. सुरुवातीला जरा हात वर करा. किती जणांच्या साइटवर आजही ड्रॉइंगचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरतो? जवळजवळ सगळेच. आता मुकादमाच्या फोनमधली रिव्हिजन शेवटचीच आहे, अशी खात्री किती जणांना आहे? एकही हात नाही! चला, म्हणजे आपण सगळे एकाच साइटवरचे.

आपल्या भागात तर जमीनच जागची हलते. नवी मुंबईच्या विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली, नदीचा प्रवाह वळवला. इकडे राष्ट्रीय उद्यानाच्या पोटातून बोरिवलीपर्यंत जोडबोगदा निघालाय. अशा कामावर सकाळचा नकाशा संध्याकाळी जुना होतो. म्हणून सर्व्हेअर, साइट इंजिनिअर, ऑफिसातला प्लॅनर, ठेकेदाराचा सुपरवायझर या सगळ्यांनी एकाच जिवंत नकाशावर लिहावं, ही मागणी अगदी रास्त आहे. ती कशी पुरवली जाते, त्यावर माझा राग आहे. त्यासाठी एक प्रसंग सांगतो. थोडा लांबेल, पण ऐकाच.

घोडबंदर रोडपासून आत एक साइट. तीन तळघरांची खोदाई चाललेली. कंपाउंडलगत पाण्याची जुनी बिडाची लाइन. सर्व्हेअर मुलगी कळव्याची, कामाला चोख. तिने जुन्या कागदांवर विसंबून न राहता चाचणी खड्डा घेतला, पाइप उघडा केला आणि आरटीकेने, म्हणजे उपग्रहांवरून सेंटिमीटरपर्यंत जागा सांगणाऱ्या यंत्राने, मोजला. लाइन कागदापेक्षा सव्वा मीटर आत निघाली. अकरा वाजता तिने नकाशावर ती सरकवली. ऑफिसात सगळ्यांच्या पडद्यावर लाइन हलली.

त्याच वेळी दुसऱ्या तळघरात साइट इंजिनिअर टॅबलेट घेऊन उभा. खाली नेटवर्क कुठलं? त्याच्याकडे सकाळचाच नकाशा. त्याने त्याच लाइनवर बोट ठेवलं आणि शेरा लिहिला, ‘जुनी लाइन आहे, सांभाळून’. एवढंच. जेवायला वर आला, टॅबलेटला रेंज मिळाली, सॉफ्टवेअरने त्याचा बदल पाठवून दिला.

आता इथे लक्ष द्या. त्या सॉफ्टवेअरच्या लेखी ‘लाइन’ ही एक अखंड नोंद होती. नाव, रंग, शेरा, सगळे बिंदू, सगळं एका गाठोड्यात. आणि जे गाठोडं शेवटी पोचेल ते खरं. त्यामुळे शेऱ्याबरोबर सकाळची चुकीची जागाही परत आली. कुठे घंटा वाजली नाही, कुणाला काही दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी सुपरवायझरने नकाशा बघून, शिवाय बाजूला मीटरभर अंतर सोडून, पोकलेन लावला. बकेट थेट पाइपवर. खड्डा पाण्याने भरला आणि शेजारच्या सोसायट्यांचे नळ कोरडे.

मग मीटिंग. सगळ्यांचं एकच, ‘सर्व्हेअरने अपडेटच केलं नाही’. नकाशा उघडला तर त्यात तिचं नावसुद्धा नाही, कारण सॉफ्टवेअर फक्त शेवटचं चित्र ठेवत होतं. त्या पोरीने पिशवीतून फील्ड बुक काढलं आणि टेबलावर ठेवलं. तारीख, वेळ, रीडिंग, खड्ड्याचं हातचं स्केच. मीटिंग तिथेच संपली.

तेव्हापासून मी हेच बोलत फिरतोय. ज्यांनी डिप्लोमाला सर्व्हे कॅम्प केलाय, त्यांना आपापल्या सरांचा आवाज आत्ता कानात ऐकू येत असेल : ‘खोडरबर खिशात ठेवा!’ रीडिंग चुकलं तर त्यावर एक आडवी रेघ. खालचा आकडा वाचता आलाच पाहिजे. शेजारी नवा आकडा, बाजूला सही. 1802 साली लॅम्बटनने मद्रासजवळ आधाररेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला हात घातला, त्या परंपरेतूनच ही शिस्त आपल्याकडे पोचली. मोजलेलं पुसायचं नाही. कागदावर हे आपण पाळतो, आणि लाखो रुपयांचं सॉफ्टवेअर घेतलं की सोडून देतो. हे मला मान्य नाही.

चिठ्ठी आली, दहाच मिनिटं उरलीत. बरं. कबूल केलेला विषय आता भराभर घेतो.

गाठोडं सोडा, ही पहिली गोष्ट. प्रत्येक गुणधर्म वेगळा पाठवा. शेरा वेगळा, जागा वेगळी. एवढं असतं तर त्या दिवशी दोघांचेही बदल टिकले असते. अनेकांनी मिळून डिझाइन करायचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या फिग्माने 2019 मध्ये आपली रीत जाहीरपणे मांडली, ती साधारण अशीच आहे. सर्व्हर मध्यस्थ, आणि प्रत्येक वस्तूच्या प्रत्येक गुणधर्माचा हिशेब स्वतंत्र. यामागचा अभ्यास जुना आहे. अनेकांनी एकच मजकूर लिहिताना अक्षरांच्या जागा कशा जुळवायच्या, हे एलिस आणि गिब्स यांनी 1989 मध्ये मांडलं. 2011 मध्ये शापिरो आणि सहकाऱ्यांनी सीआरडीटी ही कल्पना नीट बांधून दिली : बदल कुठल्याही क्रमाने पोचोत, शेवटी सगळ्यांकडे एकच उत्तर. तळघरात अडकलेल्या टॅबलेटसाठी हे वरदान आहे. वायजेएस, ऑटोमर्ज अशी तयार साधनं फुकट मिळतात, वापरा.

पण सावध राहा. सगळ्यांच्या पडद्यावर एकच चित्र येईल, एवढीच ही गणितं हमी देतात. ते चित्र जमिनीशी जुळतं का, हे त्यांना ठाऊक नसतं. दहा टॅबलेटवर एकच चुकीची लाइन दिसली, तरी गणिताच्या दृष्टीने काम फत्ते.

म्हणून मोजलेल्या आकड्याला वेगळा नियम हवा. प्रत्येक रीडिंग ही नवी नोंद. कुणी घेतलं, कुठल्या यंत्राने, अचूकता किती. फोनचा जीपीएस उघड्या आकाशाखालीही काही मीटर इकडेतिकडे होतो, आरटीके दोन-तीन सेंटिमीटरमध्ये बसतं. फोनच्या बिंदूने आरटीकेचा बिंदू ढकलता कामा नये. दोन रीडिंगमध्ये ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त फरक पडला, तर दोन्ही नकाशावर लाल दिसू देत, आणि जबाबदार इंजिनिअरने सहीनिशी एक निवडावं. तोपर्यंत तिथे खोदाई नाही.

वेळेचं एक. टॅबलेटच्या घड्याळावर निकाल लावू नका. संगणकशास्त्रज्ञ लॅम्पोर्टने 1978 मध्येच दाखवून दिलंय की अनेक यंत्रांवर पसरलेल्या यंत्रणेत कोणाला काय आधी कळलं होतं, यावरून क्रम लावता येतो. आपल्या इंजिनिअरने अकराचं रीडिंग पाहिलंच नव्हतं. ‘मी अमुक आवृत्ती बघून लिहिलंय’ एवढं त्याच्या बदलासोबत गेलं असतं, तरी सॉफ्टवेअर थबकलं असतं.

ड्रोनचा फोटोनकाशा जड असतो. तो रात्री ऑफिसच्या वायफायवर उतरवून ठेवा आणि दिवसभर फक्त बदल पाठवा, ते किरकोळ वजनाचे असतात. मात्र डेटा वाचवायला दशांश कापू नका. अक्षांशाचं पाचवं दशांशस्थळ म्हणजे सुमारे 1.1 मीटर, सहावं 11 सेंटिमीटर. पाचावर थांबलात तर कॉलम आपल्या फुटिंगबाहेर, म्हणजे पायाबाहेर, जाईल! त्यापेक्षा सरळ मीटरमध्ये, यूटीएमच्या, म्हणजे पृथ्वीचे उभे पट्टे पाडून मीटरमध्ये जागा सांगणाऱ्या पद्धतीच्या, 43 क्रमांकाच्या पट्ट्यात काम करा. ठाणे आणि नवी मुंबई दोन्ही त्यातच येतात.

आणि अनडू. सामायिक नकाशावर अनडू दाबल्यावर फक्त माझाच बदल मागे जावा, शेजाऱ्याचा नाही. हे करणं अवघड आहे, म्हणून बरेच जण टाळतात. टाळू देऊ नका.

शेवटचं, पैसे मोजणाऱ्यांसाठी. विक्रेता डेमोला आला की त्याच्या लॅपटॉपवर पळणारे रंगीत कर्सर बघत बसू नका. दोन टॅबलेट मागा. एक विमान मोडवर टाका. त्यावर लाइनचा शेरा बदला, दुसऱ्यावर लाइनची जागा. मग विमान मोड काढा. दोन्ही बदल टिकले तर पुन्हा एक विमान मोडवर टाकून दोन्हीवर वेगवेगळी जागा देऊन बघा, आणि मोड काढल्यावर तो वाद पडद्यावर दिसतो का ते तपासा. नंतर इतिहास उघडून विचारा, ही लाइन अकरा वाजता कुठे होती आणि कुणी मोजली होती? उत्तर मिळालं, तरच दराचं बोलायला बसा.

सभागृह अजून पाच मिनिटं आपलं आहे म्हणतात. प्रश्न विचारा.