पॅच लिहिला, आता पाठवायचा कुणाकडे?

नमस्कार मंडळी! आजचा व्हिडिओ खास सोलापुरातल्या इंजिनिअरिंगच्या पोरापोरींसाठी. ओपन सोर्समधला, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या सॉफ्टवेअरमधला, पहिला पॅच (कोडमधली दुरुस्ती) लिहायला तुम्ही रात्र-रात्र जागता आणि तो कुणाकडे पाठवायचा हे मात्र दोन मिनिटांत उरकता. तिथंच घोळ होतो. उद्या तो कोड ज्याला सांभाळायचाय, त्याच्याच हातात तो पडायला हवा.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माग अडला की कामगार थेट मालकाला फोन लावत नाही, आधी जॉबरला, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याला, हाक मारतो. इथंही तसंच.

आधी प्रोजेक्ट कुठला ते ठरवा. समजा, लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही 'दऱ्याखोऱ्या' टाइप केलं आणि 'ऱ्या' जुळलाच नाही, पाय मोडलेला ऱ आणि शेजारी सुटा या दिसतोय. लगेच लिब्रेऑफिसचा कोड उघडू नका. फॉन्ट बदलून बघा. दुसऱ्या फॉन्टमध्ये नीट दिसलं, तर दुरुस्ती बहुधा पहिल्या फॉन्टच्या लोकांकडे जाते. सगळ्या फॉन्टमध्ये बिघडलंय, पण फायरफॉक्समध्ये ठीक आहे? मग लिब्रेऑफिसवर संशय घ्या. दोन्हीकडे तोच गोंधळ असेल, तर हार्फबझ बघा. अक्षरं जुळवायचं काम ही लायब्ररी करते आणि फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिब्रेऑफिस सगळे तीच वापरतात. दुखणं तिथलं असताना एका अ‍ॅपमध्ये ठिगळ लावलं, तर मराठी फक्त त्या एका खिडकीत सुधारेल. मूळ ठिकाणी दुरुस्त केलंत, तर बाकीच्या सगळ्यांना ती आपोआप मिळेल. मला हे फार मोलाचं वाटतं.

प्रोजेक्ट ठरला, आता माणूस.

लिनक्स कर्नेलचंच, म्हणजे लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचंच घ्या. सोर्सच्या मुख्य फोल्डरमध्ये 'मेंटेनर्स' नावाची फाइल आहे. प्रत्येक विभागाच्या नोंदीत 'एम'पुढे मेंटेनर (तो कोड सांभाळणारा), 'आर'पुढे रिव्ह्यूअर (तपासणारा), 'एफ'पुढे त्यांच्या ताब्यातल्या फाइली. 'एस'ची ओळ मात्र आवर्जून वाचा, ती त्या कोडची अवस्था सांगते. तिथं 'ऑर्फन' लिहिलं असेल, तर तो कोड सध्या कुणीच सांभाळत नाही. नावं हातानं शोधायचीही गरज नाही. 'गेट मेंटेनर' ही स्क्रिप्ट पॅचवर चालवा, यादी समोर येते.

पण यादी डोळे झाकून चिकटवू नका. नेमका मेंटेनर सापडला नाही, तर स्क्रिप्ट गिटचा, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या टूलचा, अलीकडचा इतिहास चाळून नावं काढते. त्यात कुणीतरी फक्त कॉमेंटमधलं स्पेलिंग सुधारलेलं असू शकतं. त्या बिचाऱ्याला तुमच्या पॅचचं काय कळणार? 'गिट लॉग' उघडा, त्या फंक्शनचं लॉजिक खरंच कुणी बदललंय ते बघा.

आणि लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स? शेवटचा शब्द त्यांचाच. तरी कर्नेलची अधिकृत मार्गदर्शिका स्पष्ट सांगते की त्यांना थेट मेल पाठवणं शक्यतो टाळा, कारण आता फार थोडे पॅच थेट त्यांच्याकडून जातात. सुरक्षेतलं भगदाड सापडलं असेल, तर ते चारचौघांत मांडू नका. त्यासाठी कर्नेलची वेगळी सिक्युरिटी टीम आहे.

आता तुमचा स्वतःचा प्रोजेक्ट गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर असेल तर 'कोडओनर्स' फाइल ठेवा, त्यात कुठला भाग कुणाचा ते लिहा. पुल रिक्वेस्ट (बदल सामील करायची विनंती) आली की ज्याचा भाग, त्याला रिव्ह्यूची विनंती आपोआप जाते. एक मेख लक्षात ठेवा: एकाच फाइलला दोन ओळी लागू पडत असतील, तर खालची ओळ चालते. म्हणून सर्वसाधारण नियम वर, खास नियम खाली. आणि महत्त्वाच्या भागावर एकटं नाव नको. एक्सझेड ही फाइली आकसवणारी लायब्ररी वर्षानुवर्षं एकाच माणसाच्या खांद्यावर होती. मदतीला आलेल्या एका ऑनलाइन खात्यानं हळूहळू विश्वास कमावला, मेंटेनरचे अधिकार मिळवले आणि 2024मध्ये त्याच खात्यातून चोरवाट घुसवली गेली. आंद्रेस फ्रॉइंड या डेव्हलपरला एसएसएच लॉगिन (दूरच्या कॉम्प्युटरवर शिरणं) साधारण अर्धा सेकंद उशिरा होतंय हे खटकलं, म्हणून ती पकडली गेली. पॅच स्वीकारायचा हक्क देताना त्या माणसाचं काम नीट तपासा, पण थकलेल्या मेंटेनरला एकटंही सोडू नका.

पॅच पाठवला आणि उत्तर नाही? कर्नेलमध्ये किमान आठवडाभर थांबायची रीत आहे. मग त्याच मेलच्या थ्रेडवर, त्याच माणसाला, नम्रपणे आठवण करा.