खेकडे, क्लब आणि विन्स स्टेपल्स

पहिला अल्बम गाजला की दुसऱ्यात रॅपर बहुतेक वेळा तेच करतो, फक्त बजेट वाढवून. अमेरिकन रॅपर विन्स स्टेपल्सने ते केलं नाही. 2015 चा त्याचा 'समरटाइम 06' म्हणजे दोन डिस्क, 20 ट्रॅक, कॅलिफोर्नियातल्या नॉर्थ लाँग बीचच्या गल्ल्या, गँग, पोरवयातला एक उन्हाळा, सगळं संथ आणि काळोखं. आणि मग 23 जून 2017 ला आला 'बिग फिश थिअरी'. 12 ट्रॅक, जेमतेम 36 मिनिटं.

पहिलंच गाणं घ्या, 'क्रॅब्स इन अ बकेट'. सुरुवातीला नुसता घुमणारा आवाज, काही धड कळत नाही, आणि मग एकदम लंडनच्या गॅरेज पार्टीत (गॅरेज म्हणजे तिकडचं क्लबमधलं डान्स म्युझिक) वाजेल असा तुटक, उड्या मारणारा बीट सुरू होतो. बादलीतल्या खेकड्यांची गोष्ट मराठी माणसाला काय सांगायची, आपण ती स्वतःवरच जोक म्हणून सांगत आलोय, टोपलीला झाकण लागत नाही वगैरे. तर अमेरिकेतली ब्लॅक माणसंही ती स्वतःबद्दल अशीच सांगतात.

(गाण्याचा तुकडा)

आता 'याह राइट'. प्रोड्युसर सोफी आणि फ्लूम. बेस इतका फाटलेला की वाटतं स्पीकरच गेला, पत्र्यावर घण घातल्यासारखा, आणि त्याच्यावर विन्स अगदी कोरड्या आवाजात विचारत बसतो, घर मोठंय का, गाडी भारी आहे का. म्हणजे रॅपर लोक जे मिरवतात त्याचीच चौकशी. मग दुसरा रॅपर केन्ड्रिक लमार येतो आणि त्याच्या व्हर्सच्या आधी बीट पार बदलतो. माझ्या मते अल्बमची खरी गंमत विन्सच्या या आवाजातच आहे. खाली म्युझिक घाम काढतंय आणि वर हा माणूस हिशोब वाचल्यासारखा बोलतोय, ना ओरडतो ना नाचा म्हणतो. बाय द वे, हा गडी दारूला आणि ड्रग्जला शिवत नाही आणि अल्बम काढला क्लबचा.

तेव्हा बरेच जण म्हणाले, रॅपर आता इलेक्ट्रॉनिक म्युझिककडे गेला. गेला कुठे? हाउस आणि टेक्नो, हे क्लबमधलं मशीनवरचं डान्स म्युझिक, मुळात ब्लॅक लोकांचंच. हाउस शिकागोचं, डीजे फ्रँकी नकल्सच्या वेअरहाउस क्लबमधलं. टेक्नो डेट्रॉइटचं, हुआन ॲटकिन्स, डेरिक मे, केविन सॉन्डरसन, सगळी ब्लॅक पोरं. 1982 ला डीजे आफ्रिका बंबाटाने न्यूयॉर्कमध्ये जर्मनीच्या क्राफ्टवर्क या इलेक्ट्रॉनिक बँडची धून 808 ड्रम मशीनच्या ठेक्यावर बसवली, तो रेकॉर्ड हिप हॉपचाही आणि डान्स म्युझिकचाही. आणि विन्सच्या घराजवळचं लॉस एंजेलिस तर त्याहून पुढे, गँगस्टा रॅप यायच्या आधी तिथे पार्ट्यांमध्ये इलेक्ट्रोच, म्हणजे ड्रम मशीनवरचं तसलंच डान्स म्युझिक, वाजायचं, गँगस्टा रॅपचा नावाजलेला प्रोड्युसर डॉक्टर ड्रे स्वतः आधी वर्ल्ड क्लास रेकिन क्रू या ग्रुपमध्ये चकचकीत कपडे घालून असायचा, नंतर त्याचा गँगस्टा रॅपचा ग्रुप एनडब्ल्यूए आला आणि ते फोटो लोकांनी त्याला चिडवायला वापरले. म्हणजे दोन्ही म्युझिक एकाच घरातली, मध्ये बोलणं बंद झालं होतं एवढंच.

नाचताना शब्दांकडे कोण लक्ष देतं म्हणा, पण इथे द्या. 'बॅगबॅक' आलं फेब्रुवारी 2017 ला, ट्रम्प शपथ घेऊन महिनाही झाला नव्हता, आणि त्यात प्रेसिडेंट आणि वरचे एक टक्केवाले दोघांनाही सरळ शिव्या आहेत. तेही टेक्नोवर. 'अलिसा इंटरल्यूड' मध्ये तर ब्रिटिश गायिका एमी वाइनहाउसच्या जुन्या मुलाखतीतलं बोलणं वापरलंय, ती तेव्हा जाऊन सहा वर्षं होत आली होती, आणि अख्खा अल्बम जरा थांबतो. प्रसिद्धी माणसाला खाते हे विन्स स्वतः लेक्चर देऊन सांगत नाही, तिचा आवाज लावतो आणि बाजूला होतो.

2022 ला ड्रेक आणि बियॉन्सेने हाउसचे अल्बम काढले तेव्हा केवढी चर्चा झाली. विन्सने ते पाच वर्षं आधी करून टाकलं होतं, आणि 2018 मध्ये लगेच 'एफएम!' काढला, 22 मिनिटांचा, रेडिओ स्टेशनसारखा, प्रोड्युसर केनी बीट्स, आणि क्लबचं त्यात नावसुद्धा नाही.