भाकड गायीला गिऱ्हाईक नाही

[पहाट. बाजारात शिरणारे टेम्पो.]

रविवार. सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याचा जनावरांचा बाजार. टेम्पो मातीच्या उंचवट्याला मागून टेकवलाय. खिलार खोंड आधी एक खूर खाली टेकवून बघतो, मग उतरतो. उजाडायच्या आत दावणी लागतात, चहाच्या टपरीवर भट्टी पेटते.

[जवळून : जनावराचं तोंड, माणसाचा हात.]

दात बघायची ही रीत. एका हातानं नाकपुड्या धरायच्या, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं खालचा ओठ उलटायचा. दोन दाती, चार दाती, सहा दाती. आठही आले की जनावर जुळलं, म्हणजे पूर्ण वयात आलं. मग पाठीवरून हात, खुरांवर नजर, चार पावलं चालवून बघणं. गाय असेल तर कास आणि चारही सड.

[उपरण्याखाली दोन हात.]

भाव मात्र तोंडानं बोलायचा नाही. उपरण्याखाली बोटं धरायची, दाबायची, सोडायची. मधला दलाल एकाचा हात सोडतो, दुसऱ्याचा धरतो. नकार आला की मान हलते, पाय हलत नाहीत. तीन मिनिटं आमचा कॅमेरा या उपरण्यावरच थांबला. शेवटी हातावर हात पडला, कासरा या हातातून त्या हातात गेला आणि इसाराची नोट खिशात.

बाजाराचं गणित पिढ्यान्‌पिढ्या हेच होतं. म्हातारा बैल, आटलेली गाय विकायची, त्यात पदरचे थोडे घालायचे आणि नवी कालवड घरी न्यायची. गोठा असाच फिरत राहायचा.

[बाजाराची कड. एक संकरित गाय.]

ही गाय सकाळपासून इथंच उभी आहे. दोनदा भरवली, दोनदा उलटली, गाभ राहिली नाही. आता भाकड, दूध नाही. लोक येतात, कासेकडे बघतात आणि पुढं जातात.

महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीला १९७६च्या कायद्यानंच बंदी होती. १९९५ साली विधिमंडळानं त्यात बैल आणि वळूही घेतले, पण राष्ट्रपतींच्या मंजुरीनंतर ते लागू झालं मार्च २०१५मध्ये. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद. २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयानं ही बंदी कायम ठेवली. म्हातारा बैल घेणारं गिऱ्हाईक बाजारातून गेलं आणि वाहतुकीच्या भीतीनं भाकड गाईचंही गेलं. म्हशीला ही बंदी लागू नाही. पलीकडच्या दावणीवर बघा, आटलेल्या म्हशीलाही बोली लागतेय.

सप्टेंबर २०२४मध्ये सरकारनं देशी गायीला राज्यमाता जाहीर केलं आणि गोशाळेतल्या देशी गायीसाठी दिवसाला ५० रुपये मंजूर केले. शेतकऱ्याच्या दावणीला बांधलेल्या या संकरित गायीला त्यातला एक रुपयाही नाही. तिला रोज वीस-पंचवीस किलो ओला चारा लागतो, दूध देवो न देवो.

[संध्याकाळ. दूध संकलन केंद्र.]

आता दुधाकडे या. किटली ओतली जाते, नमुना यंत्राखाली जातो, चिठ्ठी बाहेर येते. फॅट, म्हणजे स्निग्धांश, ३.५ आणि एसएनएफ, म्हणजे बाकीचे घन घटक, ८.५ लागला तर पूर्ण दर. पॉइंट घसरला की दर घसरला.

उसाला एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचा किमान दर, आहे, २२ पिकांना केंद्राचा हमीभाव आहे. दुधाला काही नाही. आंदोलन पेटलं की अनुदान येतं. २०१८ साली लिटरला ५ रुपये आले. २०२३मध्ये सरकारनं किमान दर ३४ रुपये ठरवला, तो हातात टिकला नाही. जुलै २०२४पासून दूध संघानं ३० द्यायचे आणि सरकारनं ५. ऑक्टोबरपासून संघाचे २८ आणि सरकारचे ७. शेतकऱ्याची बेरीज दोन्ही वेळा ३५च. वाढलेले २ रुपये कोणाच्या बाजूला पडले, ते या आकड्यांतच दिसतं.

[जवळून : गायीचा कान, पिवळा बिल्ला.]

आणि त्या अनुदानासाठी हा बिल्ला हवा होता. बारा आकडी नंबर, त्याची ऑनलाइन नोंद, आधारला जोडलेलं बँक खातं. एक आकडा चुकला तर महिना लटकला. सरकारला प्रत्येक गाय नंबरानं माहीत आहे. ती कधी आटली हेही नोंदवता येईल आणि भाकड काळातला चाराही त्याच खात्यावर देता येईल. कायदा ठेवायचा असेल तर ठेवा, पण त्याचा खर्च एकट्या गोठ्यावर टाकू नका. हीच मागणी आम्ही गावोगाव ऐकली.

२०१२ आणि २०१९च्या पशुगणनांमध्ये राज्यातलं गोवंशीय पशुधन सुमारे १० टक्क्यांनी घटलं. त्यात ट्रॅक्टर आहे, दुष्काळ आहे, हा कायदाही आहे.

[रात्र. गोठा.]

बाजारातून गाय परत आली. दुभत्या दोघींपुढे पेंड आणि मुरघास. तिसरीपुढे कडबा. मालकानं पाटीतली मूठभर पेंड काढली, थोडा थांबला आणि तिच्याही पुढे टाकली.