एका ताटातलं लोह

मंडळी, आज तुमच्यापैकी निम्म्यांच्या डब्यात ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी असणार. सोलापुरात हे सांगायला ज्योतिषी लागत नाही! मला बोलायचंय ते याच दोन पिकांच्या मुळांबद्दल. रान एकच, पण त्यातून लोह मिळवायच्या दोघांच्या रीती अगदी निराळ्या.

पाणी ओढलं की खतही आपोआप वर चढतं, असं आपण धरून चालतो. नत्र पाण्याबरोबर मुळीपर्यंत येतं, हे खरं. स्फुरद मात्र जागचं फारसं हलत नाही, मुळीलाच त्याच्यापर्यंत वाढत जावं लागतं. आणि दाराशी आलेलं सगळंच आत जातं असंही नाही. पांढऱ्या मुळीच्या पेशी ऊर्जा खर्चून हायड्रोजन आयन बाहेर फेकतात. त्यामुळे पेशी आतून ऋणभारित होते आणि पालाशचे धन आयन आत खेचले जातात. नायट्रेट, म्हणजे नत्राचं मुळीला मिळणारं रूप, पडलं ऋण, ते परत येणाऱ्या हायड्रोजनचा हात धरून शिरतं. ही ऊर्जा श्वसनातून येते, श्वसनाला हवा लागते. म्हणून काळ्या रानात पाणी तुंबलं की मुळी गुदमरते आणि ओलीत उभं पीक उपाशी राहतं. अशा वेळी आपण काय करतो? वरून आणखी खत टाकतो.

आता लोह. आपल्या मातीत ते भरपूर आहे, पण गंजाच्या रूपात. सामू, म्हणजे आम्ल-विम्लपणा सांगणारा pH, एकाने वाढला की या लोहाची विद्राव्यता हजारपटीने घटते, आणि आपल्या चुनखडीच्या रानांचा सामू आठच्या आसपास किंवा वरच.

भुईमूग आम्ल सोडतो, फेरिक म्हणजे गंजातल्या लोहाचं मुळीच्या पृष्ठभागावर फेरस, म्हणजे जास्त विरघळणारं लोह करतो, मगच आत घेतो. पण ते आम्ल चुनखडच गिळून टाकते. मग शेंडा पिवळा पडतो, शिरा तेवढ्या हिरव्या. ज्वारी गवताच्या कुळातली. ती असा पदार्थ सोडते, जो फेरिक लोहालाच पकडतो, आणि ती जोडी तशीच आत घेते. 1976 साली जपानचे शास्त्रज्ञ ताकागी यांना असे पदार्थ भात आणि ओटच्या मुळांच्या धुवणात सापडले. ज्वारीचा हात यात जरा आखडताच, सातू कितीतरी जास्त सोडतं.

हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, नुसतं रानात फेकलं तर त्याचाही लवकरच गंज होतो. शेणखतात मुरवून द्या, नाहीतर फवारा.

चीनमध्ये चुनखडीच्या जमिनीत मक्याशेजारी, म्हणजे ज्वारीसारख्याच गवताच्या कुळातल्या पिकाशेजारी, भुईमुगाच्या शेंगा लावून पाहिल्या. मक्यालगतच्या ओळी हिरव्या राहिल्या, लांबच्या पिवळ्या पडल्या. आपल्याकडे मक्याच्या जागी ज्वारी धरून दोन ओळी करून बघायला काय हरकत आहे?