दबलेल्या मणक्यात सिमेंट: कोणाला, कधी आणि किती

एक्स-रेत मणका पाचरीसारखा दबलेला दिसला की नातेवाईक लगेच विचारतात, "डॉक्टर, सिमेंट भरायचं का?" सुईने मणक्यात सिमेंट भरण्याच्या या उपायाला व्हर्टेब्रोप्लास्टी म्हणतात. त्याआधी आपण डॉक्टरांनी दोन गोष्टी बघायच्या: दुखतंय ते याच मणक्यामुळे का, आणि तो ताजा मोडलाय का? सत्तरी ओलांडलेल्या बाईच्या पाठीत जुने, भरून आलेले दबलेले मणके अनेकदा असतात. त्यांत सिमेंट घालून काही साधत नाही.

म्हणून एमआरआयमध्ये स्टिर सिक्वेन्स (हाडातली सूज दाखवणारी खास चित्रं) मागवा. ताज्या मोडीत हाडाला सूज असते आणि ती पांढरी चमकते, जुनी मोड चमकत नाही. पेसमेकरमुळे एमआरआय होत नसेल तर सीटी आणि बोन स्कॅन. पाठीच्या काट्यावर बोटाने ठोकल्यावर त्याच जागी कळ आली पाहिजे. ताप, वजन उतरणं, रात्री वाढणारं दुखणं असेल तर आधी क्षयरोग आणि मायलोमा (अस्थिमज्जेचा कॅन्सर) डोक्यात आणा. आपल्याकडे हे विसरून चालत नाही. कॅन्सरची शंका असेल तर त्याच सुईतून बायोप्सीही घेता येते. मणक्यात जंतुसंसर्ग असेल तर मात्र सिमेंट अजिबात नको.

बहुतेकांचं दुखणं औषधं आणि थोडे दिवस पट्टा यांवर 6 ते 8 आठवड्यांत ओसरतं. औषधं घेऊनही कूस बदलवत नाही, अशांसाठी हा उपाय आहे. 1984 साली फ्रान्समधल्या अमियाँ इथे तो पहिल्यांदा झाला, तोही मानेच्या मणक्यातल्या रक्तवाहिन्यांच्या गाठीसाठी.

रुग्णाला पालथं झोपवतात, छाती आणि ओटीपोटाखाली उशा. भूल स्थानिक, सोबत हलकी गुंगी. भूल हाडाच्या पापुद्र्यापर्यंत गेली पाहिजे, नाहीतर रुग्ण सुईबरोबर ओरडतो. मग 11 किंवा 13 गेजची (गेज म्हणजे सुईच्या जाडीचं माप) सुई पेडिकलमधून, म्हणजे मणक्याच्या मागच्या बाजूच्या हाडाच्या खांबातून, आत. समोरून घेतलेल्या सी-आर्म (थिएटरमधलं चालू एक्स-रे यंत्र) चित्रात पेडिकल गोल दिसतं, त्याच्या बाहेरच्या वरच्या कडेवरून सुरुवात करायची. बाजूच्या चित्रात टोक मणक्याच्या मागच्या भिंतीपाशी पोचेपर्यंत समोरच्या चित्रात ते पेडिकलची आतली कड ओलांडता कामा नये. ओलांडलं तर तुम्ही मज्जारज्जूच्या पोकळीत शिरताय. शेवटी टोक मणक्याच्या पुढच्या तिसऱ्या भागात.

सिमेंट म्हणजे पीएमएमए हे घट्ट होणारं प्लास्टिक, चित्रात दिसावं म्हणून त्यात बेरियम मिसळलेलं. पातळ असताना भरलं तर ते शिरांतून फुप्फुसापर्यंत जाऊ शकतं. टूथपेस्टइतकं घट्ट होऊ द्या. उकाड्यात ते लवकर घट्ट होतं, म्हणून थिएटर थंड हवं. बाजूच्या चित्रावर नजर ठेवत थोडं थोडं भरायचं. बहुतेक मणक्यांना 2 ते 4 मिली पुरतं. जास्त भरल्याने दुखणं जास्त कमी होत नाही, गळती मात्र वाढते. सिमेंट मणक्याच्या मागच्या चतुर्थांशात आलं किंवा शिरेत दिसलं की थांबायचं. मणका अजून अर्धा रिकामा वाटत असला तरी. सुई काढताना आतली कांडी परत घालून सुई फिरवा, नाहीतर सिमेंटची शेपटी स्नायूत राहते आणि रुग्णाला महिनोन्महिने टोचत राहते.

कायफोप्लास्टी या दुसऱ्या प्रकारात सिमेंटआधी मणक्यात फुगा फुगवून जागा करतात. त्याने उंची थोडी परत येते आणि गळती कमी होते, पण खर्च बराच वाढतो. दुखणं कमी होण्यात दोघांत फारसा फरक नाही.

आता वादाचा मुद्दा. 2009 मध्ये दोन चाचण्यांत खरी प्रक्रिया आणि नाटकी प्रक्रिया (सिमेंट न भरता केलेली) सारख्याच ठरल्या. नाटक इतकं पक्कं की सिमेंटचा वास यावा म्हणून बाटलीही उघडली होती! त्यांत वर्षभरापर्यंतच्या जुन्या मोडी होत्या, ही टीका रास्त आहे. 2016 च्या व्हेपर चाचणीत 6 आठवड्यांच्या आतल्या, तीव्र दुखणाऱ्या मोडींना फायदा दिसला, 2018 च्या व्हर्टोस 4 मध्ये तो दिसला नाही. माझं मत: निवडक रुग्णांत, लवकर, आणि फार मोठी आशा न दाखवता करावं.

त्याच दिवशी तासा-दोन तासांनी रुग्ण उठून चालतो आणि नेमकं तिथेच उपचार थांबतात. हाडं ठिसूळच राहिली तर आणखी एखादा मणका मोडू शकतो. डेक्सा (हाडांची घनता मोजणारी तपासणी), ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, आणि मूत्रपिंड ठीक असेल तर वर्षातून एकदा 5 मिग्रॅ झोलेड्रॉनिक ॲसिड (हाडांचा ठिसूळपणा रोखणारं औषध), हे डिस्चार्ज कार्डावरच लिहा. महिन्या-दोन महिन्यांत नव्या जागी कळ आली तर जुन्या एमआरआयवर विसंबू नका, नवा काढा.